पगारपत्रकातील माझी ओळ

दर महिन्याच्या अखेरीस नागपूरजवळच्या वाडी येथील आमच्या गोदामाच्या कार्यालयात मी पंधरा जणांचे पगारपत्रक तयार करते. त्यात नवव्या ओळीवर माझे नाव आहे, आणि नावापुढचे ‘लेखा सहायक’ हे पद मी रुजू झाल्यापासून बदललेले नाही. 2018 साली मिळालेल्या नियुक्तिपत्रात टॅली या हिशेबाच्या संगणक प्रणालीत नोंदी करणे, बिले तपासून लावणे आणि बँकेचा ताळमेळ घालणे एवढीच तीन कामे लिहिलेली होती. पगारपत्रक करणे त्यात नव्हते.

2022 मध्ये जीएसटीचे काम पाहणारे एक सहकारी नोकरी सोडून गेले. त्यांना 24,000 रुपये पगार होता. “नवा माणूस मिळेपर्यंत तुम्हीच पाहून घ्या ना, ताई,” असे मालकांनी सांगितले आणि मी होकार दिला, कारण काम अडून राहणे मला स्वतःलाच पाहवत नाही. नवा माणूस आलाच नाही. दोन महिन्यांनी मी पगारपत्रकातून त्या सहकाऱ्यांची ओळ काढली आणि माझ्या ओळीत 1,500 रुपये वाढवले. दोन्ही बदल एकाच दुपारी केल्यामुळे, दर महिन्याला वाचणारे 22,500 रुपये कोणाच्या श्रमातून वाचत आहेत, हे मला त्या दिवशी स्पष्ट दिसले.

तेव्हापासून माझा महिना तारखांनी बांधलेला आहे. 7 तारखेपर्यंत टीडीएस, म्हणजे देयकांतून कापलेला आयकर, भरायचा, 11 तारखेला जीएसटीआर-1 हे विक्रीचे विवरण, 15 तारखेपर्यंत भविष्य निर्वाह निधी व ईएसआयसीची (कामगार विम्याची) चलने आणि 20 तारखेला जीएसटीआर-3बी हे कर भरण्याचे विवरण. शेवटचे विवरण चुकले तर दिवसाला 50 रुपये विलंब शुल्क लागते आणि ते कोणामुळे लागले याची चौकशी लगेच होते. वेळेवर भरले तर त्याची कोणी दखल घेत नाही.

सर्वांत जास्त त्रास ई-वे बिलाचा, म्हणजे माल वाहून नेण्यासाठी लागणाऱ्या ऑनलाइन परवान्याचा आहे. मालवाहू गाडीला साधारणपणे 200 किलोमीटरमागे एक दिवसाची मुदत मिळते आणि ती मुदत मध्यरात्री संपते. रायपूरकडे निघालेली गाडी वाटेत बंद पडली, तर मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच ती वाढवून घेता येते. त्यामुळे चालकाचा फोन रात्री साडेअकराला माझ्या मानेवाड्याच्या घरी येतो. तपासणीत गाडी अडली तर तो बिचारा रस्त्यावर ताटकळत राहील, म्हणून मी उठते. चालकांविषयी माझी काहीच तक्रार नाही. रात्रीची ही जबाबदारी कोणाच्याही पगारात मोजलेली नाही, ही माझी तक्रार आहे.

त्या 1,500 रुपयांचीही एक बाब सांगायला हवी, कारण ती अनेकांच्या लक्षात येत नाही. ती वाढ मूळ वेतनात न देता ‘इतर भत्ता’ या रकान्यात देण्यात आली. माझे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 13,000 रुपयेच राहिले आणि भविष्य निर्वाह निधीची 12 टक्के कपात तेवढ्यावरच होत राहिली. उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी पंधरा दिवसांच्या वेतनाइतके धरतात. 13,000 ला 26 ने भागून 15 ने गुणले की 7,500 रुपये येतात. तीच वाढ मूळ वेतनात मिळाली असती तर हा आकडा सुमारे 8,365 झाला असता, आणि तो केवळ पुढच्या वर्षांसाठी नव्हे, मागच्या सर्व वर्षांसाठी.

कायद्याचा आधार मी शोधला. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा तासांना दुप्पट दराने वेतन देण्याची तरतूद आहे आणि दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना तो कायदा लागू होता, पण 2025 च्या दुरुस्तीने ही मर्यादा वीस कामगारांवर नेली. म्हणजे 10 आणि 19 तारखेला मी रात्री साडेआठपर्यंत थांबते, त्याचा हिशेब आमच्या पंधरा जणांच्या कार्यालयात या कायद्याने आता मागता येत नाही. शिवाय हा कायदा केवळ तास मोजतो. नेहमीच्याच तासांत दोन माणसांचे काम एकाकडे सोपवले, तर त्याला मोजमाप नाही. माझी मोठी बहीण सिव्हिल लाइन्समधील एका शासकीय कार्यालयात आहे. तिच्याकडे दुसऱ्या पदाचा कार्यभार आला तेव्हा आधी लेखी आदेश निघाला आणि नियमानुसार अतिरिक्त वेतनही मिळाले. तो आदेश तिने मला दाखवला तेव्हा, आपल्याकडे चार वर्षांत एकही ओळ लेखी आलेली नाही, याचे मला अतोनात वाईट वाटले.

म्हणून गेले तीन महिने मी एका वहीत तारीख, काम आणि लागलेला वेळ लिहीत गेले. रात्रीचे 19 फोन आणि 46 जादा तास त्यात आहेत. त्या नोंदींवरून दोन पानी अर्ज केला आणि तीन मागण्या मांडल्या: पदनाम ‘लेखा व कर सहायक’ करावे, वेतनातील वाढ मूळ वेतनात द्यावी, आणि रात्रीच्या ई-वे बिलासाठी आळीपाळीने दुसरी व्यक्ती नेमावी. सहकाऱ्यांच्या 24,000 रुपयांचा उल्लेख करताना हात थोडा थांबला, कारण पगारपत्रकातील आकडे मला विश्वासाने दिलेले आहेत. शेवटी तो आकडा मी वगळला आणि केवळ माझ्याच कामाचे मोल मागितले.

सोमवारी मालकांनी अर्ज वाचला, माझ्या प्रतीवर पोच म्हणून सही केली आणि पंधरा दिवस मागितले. ती प्रत मी नियुक्तिपत्राच्या मागे लावून ठेवली आहे. या महिन्याचे पगारपत्रक त्या मुदतीच्या आतच करावे लागणार आहे, त्यामुळे नववी ओळ तूर्त आहे तशीच जाईल.