मशीनचा नळ बंद नाही करत का?

मागच्या महिन्यात शनिवारी भाजी घेऊन घरी आलो, तर जेवणाच्या टेबलावर छतातल्या दिव्यातून पाणी पडत होतं. वॉशिंग मशीन वरच्या मजल्यावर. तिची गरम पाण्याची काळी रबरी नळी नटाजवळ फुटली होती. मशीन घराबरोबरच आधीच्या मालकाकडून आलेलं, त्यामुळे नळीचं वय कोणाला ठाऊक?

मशीनमागचा नळ इतका जाम की नवऱ्याला फिरवता येईना. मी बेसमेंटमध्ये मेन कॉक शोधत होते. अमेरिकेत ओहायोतल्या या घरात चार वर्षं काढली, पण कॉक कुठे आहे ते माहीत नाही! ठाण्याला आमच्या सोसायटीत कुठला वॉल्व कुठल्या विंगचा, हे मी सातवीत असताना सांगायचे. शेवटी शेजारचे आजोबा आले, खोक्यांमागे हात घालून त्यांनी कॉक बंद केला, आपला व्हॅक्यूम आणला आणि दोन तास मुकाट पाणी ओढत बसले. जाताना विचारलं एवढंच, "नळी किती जुनी होती?"

विमावाल्यानेही तेच विचारलं. एकदम फुटली असेल तर भरपाई, महिनोन्‌महिने झिरपत असेल तर नाही. नटावरच्या गंजाचे त्याने सात फोटो काढले.

आणि ही घरं! भिंत म्हणजे दोन कागदांमध्ये जिप्सम. भिजलं की फुगतं, बोट लावलं तर ढोकळ्यासारखा तुकडा हातात येतो. अर्धं छत कापून काढलं, खालची लाकडी जमीन कुबड काढून बसली, चार दिवस भले मोठे पंखे घरघरत होते. आमच्या ठाण्याच्या घरात वायपर मारला असता आणि चहा टाकला असता. "आमच्याकडे नळ्या पंधरा-पंधरा वर्षं टिकतात," असं मी आजोबांना ऐकवलंसुद्धा.

त्यांनी बागेतल्या नळाला पाण्याचा दाब मोजणारा एक छोटा मीटर लावला. काटा ९५ पीएसआयवर (पीएसआय म्हणजे दाब मोजायचं इथलं माप). ८०च्या वर गेला की दाब कमी करणारा वॉल्व हवा, म्हणाले. मग मी हिशेब केला. पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे साधारण १४ पीएसआय. गच्चीवरच्या टाकीतून आमच्या तिसऱ्या मजल्यावर तेवढाही येत नसणार. म्हणजे आमच्या नळ्या टिकतात त्या जोर नसल्यामुळे. हे मात्र मी आजोबांना सांगितलं नाही.

आता दाबाचा वॉल्व बसलाय. मशीनला स्टीलच्या जाळीच्या नळ्या आहेत, पण आत शेवटी रबरच, म्हणून चिकटपट्टीवर तारीख लिहून ठेवली. पाच वर्षांनी बदलायच्या. कमोडच्या कनेक्शनचा प्लास्टिकचा नट पाहिला, तर त्यालाही केसाएवढी चीर. नवा बसवताना नवरा पाना घेऊन सरसावला, तेव्हा आजोबांनी हात धरला. प्लास्टिक हातानेच आवळायचं, पान्याने चिरतं.

आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "धुणं झाल्यावर मशीनचा नळ बंद नाही करत का गं?" ती वर्षानुवर्षं करते. पाणी गेलं की परत येताना हवेचा दणका बसतो, म्हणून. आता मीही करते.

आईच्या बाथरूमच्या छताला वरच्यांच्या गळतीची ओल आहे, तीन वर्षं सोसायटीत पत्रं चाललीयेत. तिथे ती बादली लावते. आजोबांपुढे तो विषय मी काढलेला नाही.