त्रेत्याकोव्हमध्ये ‘ट्रिनिटी’ नाही, आणि किरिलोव्हचा टॅक्सीवाला

माझी झाली ती फजिती तुमची व्हायला नको, म्हणून आधी हे सांगतो: पंधराव्या शतकातला रशियन चित्रकार आंद्रेई रुबल्योव्ह याची ‘ट्रिनिटी’, म्हणजे तीन देवदूतांचं लाकडी फळीवरचं पूजेचं चित्र, मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत नाही. २०२३ मध्ये ती तिथून हलली. मी जुन्या टिपणांवर विसंबून गेलो, दोन फेऱ्या मारल्या, शेवटी दालनातल्या आजींना फोनवर चित्र दाखवलं. त्यांनी नुसता हात हवेत लांब कुठेतरी केला. रशियन चित्रकलेचा इतिहास मुळापासून बघायचा म्हणून निघालो, आणि मूळच जागेवर नाही!

ती आता सेर्गियेव्ह पोसादच्या मठात आहे. यारोस्लाव्स्की स्टेशनावरून लोकलने साधारण दीड तास. तसं बघितलं तर तेच तिचं माहेर. १९२९ मध्ये तिथूनच ती गॅलरीत आणली होती. पण अभ्यासाच्या दृष्टीने तिथे फार काही हाती लागत नाही. मेणबत्त्यांचा उजेड, वर काच, आणि त्याच देवळात मठाचे संस्थापक सेंट सर्गियस यांच्या अस्थींच्या दर्शनाला आलेली गर्दी. पंढरपूरला पायांवर डोकं टेकतं न टेकतं तोच पुढे सरकवतात, तसंच. भाविकांच्या मध्ये वही काढून उभं राहण्याचा निर्लज्जपणा मला जमला नाही. रेषा बारकाईने बघायच्या असतील तर चांगली छापील प्रत घ्या आणि इथे फक्त नमस्काराला या.

त्रेत्याकोव्ह तरीही चुकवू नका. इवानोव्हने वीस वर्षं घालवलेलं ‘लोकांसमोर ख्रिस्ताचं प्रकट होणं’ साडेसात मीटर रुंद आहे, पुस्तकात ते कळतच नाही. सुरिकोव्हच्या ‘बोयारिन्या मोरोझोवा’समोर अर्धा तास ठेवा. मालेविचचा ‘काळा चौकोन’ मात्र या इमारतीत शोधू नका. विसावं शतक क्रिम्स्की वालच्या वेगळ्या इमारतीत आहे. सोमवारी गॅलरी बंद.

पीटर्सबर्गला सगळे हर्मिटाज, हर्मिटाज करतात. रशियन चित्रकला बघायची असेल तर तो दिवस फुकट. तिथली चित्रं मुख्यतः पश्चिम युरोपची. तुमचं काम मिखाइलोव्स्की राजवाड्यातल्या रशियन म्युझियममध्ये, १८९८ मध्ये उघडलेल्या. ब्र्युलोव्हचं ‘पाँपेईचा शेवटचा दिवस’, आयवाझोव्स्कीची ‘नववी लाट’, रेपिनचे व्होल्गेवरचे नाव ओढणारे, सगळे तिथे. मंगळवारी बंद असतं, आणि मी मंगळवारीच पोचलो. असो. व्लादिमिर आणि सुझदल या जुन्या शहरांतले तीन दिवस सुरेख गेले, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

पैशांचं: आपली व्हिसा-मास्टरकार्ड तिथे चालत नाहीत, २०२२ पासून. रोख घेऊन जा, आणि वाटतं त्याच्या दीडपट घ्या. रेल्वेची तिकिटं पासपोर्ट दाखवून खिडकीवर काढली.

आता फेरापोंतोवो, म्हणजे उत्तरेतलं मठाचं एक गाव. तिथल्या चर्चमध्ये दिओनिसी या चित्रकाराची भित्तिचित्रं आहेत. मॉस्कोहून रात्रीच्या गाडीने वोलोग्दा, तिथून बसने किरिलोव्ह, सुमारे १३० किलोमीटर. पुढचे वीसएक किलोमीटर हीच या प्रवासातली खरी घाण. बस नुकतीच सुटलेली, स्टँडवर एकच टॅक्सीवाला. त्याने ३००० रुबल सांगितले. मी घासाघीस केली तर त्याने सिगारेट पेटवली आणि आभाळाकडे बोट दाखवलं. पाऊस येणार, हे दोघांनाही दिसत होतं. दिले. आतून जळत होतो, पण दिले.

आणि पोचलो तर चर्च बंद! पावसात, हवेत दमटपणा असला की आत सोडत नाहीत. हे मला कुणी, कुठेच सांगितलं नव्हतं. तेव्हा फेरापोंतोवोसाठी एक दिवस नाही, दोन धरा, आणि गावातच मुक्काम करा. मी ओल्या मोज्यांनी एका घरगुती खोलीत झोपलो, जेवायला राईची रोटी आणि काकडी.

सकाळी ऊन पडलं. थोडी थोडी माणसं सोडतात, मोजकी मिनिटं देतात. आत शिरण्याआधी पश्चिमेच्या दारावरचं मेरीच्या जन्माचं चित्र बघून घ्या, घाईत ते राहून जातं. मग आत. दिओनिसी आणि त्याच्या मुलांनी हे काम १५०२ मध्ये ६ ऑगस्टला सुरू करून ८ सप्टेंबरला संपवलं, असं भिंतीवरच लिहिलंय. चौतीस दिवस! छतापासून खाली रंगवलेल्या पडद्यांपर्यंत एक वीत जागा मोकळी नाही. निळा, फिकट हिरवा, गुलाबी, गेरू. व्लादिमिरला रुबल्योव्हच्या भित्तिचित्रांचे तुकडे उरलेत, तेवढ्यावरून बाकीचं मनात जुळवावं लागतं. इथे पाचशे वर्षांत कुणी वरून रंग चढवलेला नाही, सगळं त्यांच्याच हातचं. अजिंठ्यात डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो, इथे उलट, खिडक्यांतून उजेड येतो आणि भिंती हलक्या होतात. माझी वेळ संपली तेव्हा बाहेर आलो, दुसरं तिकीट काढलं आणि पुन्हा रांगेत उभा राहिलो.

वेळ कमी असेल तर पीटर्सबर्ग गाळा, हे नाही. (तिकडून नुकताच परतलोय, महिन्याभराने कदाचित असं म्हणणार नाही.)

परतीची टॅक्सी घरमालकीणबाईंनी फोन करून बोलावली. तोच माणूस, तीच गाडी. ८०० रुबल.