प्रोफाइलवरचा कोट अन् जिनिंगवरचा हंगाम

आमच्या इकडे, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या बाजूला, माणूस कोण आहे हे लोक आधी त्याच्या गाडीवरून ठरवतात, मग आडनावावरून, अन् तो काय काम करतो हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. कापूस विकला की शोरूमसमोर पोट्टे उभे असतातच. झिरो डाउन पेमेंट, आधार-पॅन द्या, गाडी घेऊन जा. घरचेही नाही म्हणत नाहीत, कारण आईलोकांचं एकच म्हणणं असतं, "गाडी नसली तं पोरगी कोन देईन माह्या पोराले?" अन् ते खोटं नाही ना. पाहुणे येतात तेव्हा अंगणात काय उभं आहे ते बघतातच.

मी कोणाला नावं ठेवत नाही, हा दिखावा काही आजचा नाही. पोळ्याला तोरणाखाली जोड्या उभ्या राहायच्या तेव्हा कोणाची झूल कशी, शिंगं कशी रंगवली, हे सगळं गाव बघायचंच. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लेकरं लाकडी नंदी घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात, त्यातही कोणाचा नंदी मोठा हे चालतंच. पण बैलाकडे पाहिलं की मालकाचं कामही कळायचं, वर्षभर चारा-पाणी नीट केलं तरच जनावर भरलेलं दिसतं, एका दिवसाच्या सजावटीत ते झाकत नाही. नव्या फोनकडे पाहून असं काहीच कळत नाही, फार तर हप्ता सुरू आहे एवढं कळतं.

आता हीच नजर नोकरी शोधण्यात घुसली आहे, अन् मला खरी काळजी त्याची आहे.

गावातली शिकलेली पोरं-पोरी सध्या मोबाइलवरच काम शोधून राहिले. व्हाट्सॲपवर नोकरीचे ग्रुप, टेलिग्रामवर भरतीचे चॅनल, इंस्टावर रील, अन् थोडं इंग्रजी जमत असेल तर लिंक्डइन, म्हणजे नोकरीसाठी आपली प्रोफाइल टाकायची साइट. लिंक्डइन काही नवीन नाही, २००३ पासून आहे, पण आमच्याकडे ते आता-आता पोचलं, अन् पोचलं तेही कसं, तर फोटोपासून. माझ्या भावाच्या दोस्ताने प्रोफाइल बनवली ती मला दाखवली. ॲपने अंगात काळा कोट घातलेला, मागे काचेची बिल्डिंग, खाली इंग्रजीत लिहिलेलं की मेहनती आहे, लवकर शिकतो, टीममध्ये काम करतो. फोटोभोवती काम शोधतोय सांगणारी हिरवी रिंग पण लावलेली. बस. एवढंच.

हा पोरगा दोन हंगाम जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, होता. वजनकाट्यावर बसायचा, गाडी आली की कापसाचा ओलावा मीटरवर बघायचा. आता हे किती जबाबदारीचं काम आहे बघा, सीसीआय, म्हणजे कापूस घेणारं सरकारी महामंडळ, बारा टक्क्यांपर्यंत ओलाव्याचाच कापूस घेते, आठच्या वर गेला की भाव कापतात अन् बाराच्या वर गेला तर गाडी परत, म्हणजे त्या आकड्यावर एखाद्या घराचा वर्षाचा हिशोब असतो अन् शेतकरी समोर उभा असतो, त्याला समजावून सांगावं लागतं, भांडण होऊ द्यायचं नसतं. २०२५ च्या हंगामात हमीभावाने कापूस विकायला कपास किसान ॲपवर नोंदणी आली, लांब धाग्याला ८११० रुपये भाव होता म्हणून सगळ्यांनाच करायची होती, तर अर्ध्या गावाची नोंदणी यानेच केली. सातबारा, आधार, पीकपेरा, फोटोची साइज, स्लॉट, सगळं. यातलं एक अक्षर प्रोफाइलवर नाही!

मी विचारलं काहून नाही टाकलं, तर म्हणे, "ताई, जिनिंगचं काय टाकू, लोक हसतीन."

मला ते ऐकून रात्रभर वाईट वाटत राहिलं. कोण हसणार आहे? नागपूरकडे बुटीबोरीच्या एमआयडीसीत नाहीतर मिहानच्या कंपन्यांत स्टोअर सांभाळायला, वजन-नोंदी ठेवायला माणूस शोधणाऱ्याला हेच तर पाहिजे असतं. कोट पाहून त्याला काही कळत नाही, कोट तर सगळ्यांच्याच फोटोत आहे. पण आमच्या पोरांना वाटतं की जसं गाडीवरून गावात वजन पडतं तसंच कोटावरून ऑनलाइन पडेल.

माझ्या भावाचंही तेच. २०२४ मध्ये सरकारची युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, महिन्याला पैसे देऊन काम शिकवणारी, त्यात तो ग्रामपंचायतीत बसला होता, दाखले अन् घरपट्टीच्या नोंदी करायचा. ते त्याने लिहिलं नव्हतं, पण बायोमध्ये गाडीचं मॉडेल मात्र लिहिलं होतं. आमच्या डिग्रीवर संत गाडगे बाबांचं नाव आहे, अमरावती विद्यापीठच त्यांच्या नावाचं. बाबांच्या अंगावर चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा, हातात खराटा. लोकांनी त्यांना ओळखलं ते त्या खराट्याने गाव झाडलं म्हणून. हे मी भावाला म्हटलं तेव्हा तो काही बोलला नाही, पण संध्याकाळी बायो बदलला.

आता हप्त्याचं. हे कोणी सांगत नाही म्हणून नीट वाचा. हप्ता थकला की सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, खराब होतो, तो ३०० ते ९०० मध्ये असतो, एवढं आता गावात सगळ्यांना माहीत आहे कारण पीककर्जाच्या वेळी बँकेत तोच विषय निघतो. पण बँकभरतीच्या जाहिरातीतही उमेदवाराचा कर्जाचा रेकॉर्ड चांगला असावा अशी अट असते, हे पोट्ट्यांना माहीतच नसतं. पोरगा दोन-दोन वर्षं बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करतो अन् तिकडे दोस्तासाठी स्वतःच्या नावावर काढलेल्या फोनचे हप्ते दोस्त भरत नाही. परीक्षा पास झाला तरी जॉइनिंगच्या वेळी तो फोन आडवा येऊ शकतो. दुसऱ्यासाठी आपल्या पॅनवर काहीच काढू नका, तो कितीही जवळचा असला तरी.

अन् ग्रुपवरच्या जाहिराती. पगार भरपूर, जेवण-राहणं फ्री, फक्त रजिस्ट्रेशन, नाहीतर ड्रेस अन् आयकार्डचे पैसे आधी टाका. आमच्या शेजारच्या पोरीने असेच पैसे टाकले, नंतर तो नंबर बंद. तिने घरी सांगितलंच नाही कितीतरी दिवस, लाजेने. असं झालं तर लाजू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, जितक्या लवकर लावाल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. व्हिडिओ लाइक करा अन् पैसे कमवा म्हणणारेही तसेच, सुरुवातीला थोडे देतात अन् मग तुमच्याकडूनच भरून घेतात. खरी कंपनी पगार देते, मागत नाही.

भावाच्या दोस्ताची प्रोफाइल आम्ही मिळून नव्याने लिहिली. फोटो जिनिंगच्या काट्याजवळचा, साधा शर्ट, चेहरा स्वच्छ दिसतो. खाली मराठीत अन् इंग्रजीत लिहिलं: कापूस खरेदीवर दोन हंगाम, वजनकाटा व ओलावा मोजणी, शेतकऱ्यांची ऑनलाइन नोंदणी, एक्सेल जमतं, ट्रॅक्टर चालवतो. पहिल्याच आठवड्यात यवतमाळच्या एका गोदामातून मेसेज आला, नोकरी अजून लागली नाही, बोलणं सुरू आहे.

तुमच्यापैकी जे कोणी नागपूर, अमरावती, पुण्यात कामाला आहेत अन् गावच्या ग्रुपवर जाहिराती टाकतात, त्यांना एक विनंती. कंपनीचं पूर्ण नाव, पत्ता, पगार, शिफ्ट, राहण्याची सोय, हे सगळं टाकत जा, नुसतं "अर्जंट पाहिजे, कॉल करा" नको. पोरींच्या घरचे पत्ता नसला तर पाठवतच नाहीत. अन् तुमच्याकडे गोदाम, जिनिंग, डेटा एंट्री असं काही काम असेल तर खाली कमेंटमध्ये लिहा, मी ते आमच्या ग्रुपवर टाकते.