घडी न मोडलेला बेल्ट

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा. पाऊस थांबायचं नाव नाही.

बेल्ट कपाटातून काढून समोर ठेवलाय. ब्राझिलियन जिऊ-जित्सूचा ब्ल्यू बेल्ट, पांढऱ्याच्या वरचा. मिळून चौदा महिने झाले, तरी पाकिटातल्या घड्या तशाच आहेत. मधली घडी बोटानं दाबली की परत वर येते. बांधायचा कशावर? आम्ही नो-गी खेळतो, म्हणजे गी हा अंगरखा न घालता. वर अंगाला घट्ट बसणारा रॅशगार्ड, खाली शॉर्ट्स. फोटोपुरता एकदा शॉर्ट्सवर बांधला, सरांनी हात मिळवला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर तो साड्यांच्या खाली गेला.

क्लासला आलेल्या पाहुणीचा बेल्ट बघितला आणि हे सगळं सुरू झालं. जांभळा, म्हणजे ब्ल्यूच्या वरचा, पण विटलेला, कडांना झिजलेला, गाठीच्या जागी आतला पांढरा दोरा दिसणारा. कामासाठी पंधरा दिवस कोल्हापुरात आलीय, तेवढे दिवस आमच्याकडं येते. शुक्रवारी रोलिंग, म्हणजे सरावाची झटापट, झाल्यावर पाण्याची बाटली शोधता शोधता तिनं विचारलं, "तुझा ब्ल्यू नो-गीमधला आहे ना?"

एवढंच. टोमणा नव्हता, हे मला माहीत आहे. पण तो 'ना' चार दिवस कानात अडकून बसलाय.

चार वर्षं पहाटे साडेपाचला स्कूटर काढते मी. एकदा बरगडी दुखावली, दीड महिना कूस बदलता येत नव्हती. अनामिकेचं मधलं पेर आजही पूर्ण मिटत नाही. त्या आधीच्या गोष्टी, तालमीच्या दारातून परत यावं लागलं ते वगैरे, आज नकोत. आणि हे सगळं झाल्यावर कुणीतरी सहज विचारणार, नो-गीमधला ना? म्हणजे अर्धा का? सवलतीत मिळाला असं का?

गी आम्ही का घालत नाही, हे कोल्हापूरच्या पावसाळ्याला विचारावं. तो जाड कापडाचा अंगरखा एकदा भिजला की चार दिवस वाळत नाही. रोज यायचं तर दोन तरी लागतात, आणि एकेकाची किंमत काही हजारांत. आमच्या बॅचची निम्मी पोरं तालमीतून आलेली, उघड्या अंगाला धरायची सवय असलेली. सरांनी ठरवलं, गीशिवाय शिकवायचं. त्यात कुणी काही चोरलं नाही.

पण रविवारचं लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

रविवारी तिनं तिचा जादाचा गी मला घालायला दिला. पहिल्याच मिनिटाला तिनं माझ्या बाहीचं टोक चार बोटांत गुंडाळून धरलं. मी हात ओढला. एरवी घामानं निसटतो तसा निसटेल असं धरून चालले होते, पण हात तिथंच. मग अंगठा आत घालून तिनं माझी कॉलर मानेमागं खोलवर धरली, दुसरा हात समोरून आला आणि माझ्याच कापडानं माझा गळा आवळला. पाच मिनिटांत तीनदा टॅप केलं, म्हणजे थोपटून हार मानली. हिलाच शुक्रवारी मी टाचेला धरून टॅप करायला लावलं होतं. आयबीजेजेएफ या मोठ्या संघटनेच्या स्पर्धांत तो हील हूक, टाच पिळायचा डाव, गी घातल्यावर चालतच नाही, आणि नो-गीतही २०२१ पासून फक्त ब्राउन आणि ब्लॅक बेल्टवाल्यांना चालतो.

हरल्याचं एवढं नाही. हरायची सवय आहे. लागलं ते वेगळंच. गी घालताना मी सोबत व्हाइट बेल्ट बांधला होता. बॅगेत ब्ल्यू होता, मुद्दाम घरून नेला होता, तरी कोपऱ्यातला कुणाचा तरी पांढरा उचलून बांधला. मला कुणी सांगितलं नव्हतं. तिनंच विचारलं, "तुझा कुठंय?" मी म्हटलं, विसरले.

म्हणजे तिच्या 'ना'वर चार दिवस चिडायचा मला काय अधिकार? माझ्या बेल्टला मीच मान दिला नाही.

रविवारी रात्री एडी ब्राव्हो या अमेरिकन जिऊ-जित्सूवाल्याचं आठवत बसले. २००३ मध्ये साओ पाउलोत, अबू धाबी कॉम्बॅटच्या स्पर्धेत, त्यानं जिऊ-जित्सूच्या नामांकित घराण्यातल्या रॉयलर ग्रेसीला ट्रँगलमध्ये, म्हणजे पायांच्या कात्रीत गळा आवळून, टॅप करायला लावलं, आणि त्याच वर्षी गीशिवाय शिकवणारी आपली शाळा काढली. आम्हा नो-गीवाल्यांचा तो हक्काचा दाखला. पण त्याचा स्वतःचा ब्लॅक बेल्ट त्याच्या गुरूकडचा, जाँ-जाक मशाडोकडचा, आणि तो गुरू गीवाला. हे आठवलं की माझी बाजू लंगडी पडते. आणि लगेच दुसरं आठवतं. मशाडोच्या डाव्या हाताला जन्मतः अंगठा आणि करंगळी एवढंच. त्या हातानं कापड मुठीत कसं धरणार? त्यानं हाताचा आकडा करून, बगलेखालून अडकवून खेळ बसवला, आणि तोच खेळ गीशिवायही चालला. मग गीमधलं नक्की कुठलं, नो-गीमधलं कुठलं? रात्री दोनला उत्तर मिळालं नाही.

काल जेवताना आबांना विचारलं. आधी बाही कशी धरतात ते टॉवेलनं करून दाखवलं. ते बघत राहिले, मग म्हणाले, "कापडाला धरून पाडलं तर ते कापडानं पाडलं गं. त्यात तिचं काय?"

मला बरं वाटायला हवं होतं. पण मी तिचीच बाजू घेऊन भांडायला लागले. म्हटलं, कॉलर कुठं धरायची, कधी सोडायची, किती आत हात घालायचा, याला वर्षं जातात आबा. आणि तुम्ही कुस्तीत जांघ्याला धरून उचलत नव्हता का? आबा भाकरीचा तुकडा हातात धरून गप्प बसले. मग म्हणाले, "धरत होतो. बरोबर हाय."

नंतर ते खाशाबांकडं वळले. दरवेळी वळतात. १९४८ ला लंडनमध्ये सहावे, मग राजाराम कॉलेजच्या खर्डेकरांनी घर गहाण टाकलं, मग १९५२ ला हेलसिंकीत कांस्य. मी लहानपणापासून ऐकलंय. काल मात्र एका ठिकाणी अडकले. लाल मातीतला माणूस गादीवर गेला, सहावा आला, आणि चार वर्षांनी परत त्याच गादीवर गेला. लंडनहून आल्यावर त्यांनी मातीतलं सगळं खोटं धरलं असेल का? हेलसिंकीत उतरले ते त्याच मातीत घडलेल्या अंगानं ना? महाराष्ट्र केसरीलाही आधी माती वेगळी, गादी वेगळी, शेवटी दोघांतले विजेते एका गदेसाठी लढतात. गदेवर कुणी माती की गादी असं कोरत नाही.

आमच्याकडंही नो-गीचा वेगळा बेल्ट नाहीच. एकच आहे. ब्ल्यू म्हणजे ब्ल्यू. गी घातल्यावर तो मला मोठा होतो, हे रविवारी दिसलं. तिलाही शुक्रवारी टाचेपाशी तिचा जांभळा थोडा मोठा झालाच होता की. तिनं तो सोडून पांढरा बांधला नाही.

एवढं लिहून उठले आणि गी बघून आले. रविवारपासून हॉलमध्ये दोरीवर आहे, फॅन सुरूच आहे. बाह्या वाळल्यात. कॉलर अजून ओली, पिळली तर पाणी निघेल. तिला मेसेज केला, गुरुवारी परत देण्याआधी एकदा घालू का, कॉलर कशी सोडवायची ते दाखवशील का? तिचं लगेच उत्तर आलं, "ये की. आणि बेल्ट विसरू नको."

बेल्ट आता मांडीवर आहे. घडी मोडावी म्हणून मधोमध धरून चोळतेय. जाड आहे, बोटं दुखायला लागलीत. एक घडी जरा मऊ झाली. अजून चार आहेत.