जिन्याखालची येझदी

९ नोव्हेंबर, रविवार

आज सासऱ्यांची, आप्पांची, जुनी येझदी मोटरसायकल बाहेर काढली. इमारत पाडायची तारीख ठरलेली नाही, पण सोसायटीनं फलकावर लिहून टाकलंय की जिन्याखालचं सामान महिनाअखेरपर्यंत हलवा. भंगारवाला गुरुवारीच येऊन गेला. ताडपत्रीचं टोक वर केलं, टाकीवर बोटानं टकटक केलं आणि आकडा सांगितला. आप्पा दारातच उभे होते. काही बोलले नाहीत. आत जाऊन पेपर घेऊन बसले आणि अर्धा तास त्यांचं पान उलटलं नाही.

रात्री जेवताना मी म्हटलं, "आप्पा, गाडी मी चालू करते." नवरा बघत राहिला. आप्पा म्हणाले, "इंजिन जाम असेल. बावीस वर्षं झाली." मग थोड्या वेळानं, "किक मारू नकोस फक्त. आधी प्लग काढ."

म्हणजे त्यांनी मनात सुरुवात केली होती.

गाडी १९७९ ची, येझदी अडीचशे. आप्पांनी नवी घेतली तेव्हा ते वागळे इस्टेटमध्ये टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारे कामगार, होते. ठाण्यातल्या चरईतून निघायचं, तीन पेट्रोल पंप नावाच्या नाक्यावरून नितीन कंपनी आणि तिथून वागळे, असा रोजचा रस्ता. २००३ मध्ये त्यांची कंपनी बंद झाली आणि त्याच महिन्यात गाडी जिन्याखाली गेली. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ती ताडपत्रीखालीच पाहिली आहे. लग्नाच्या वेळी तिच्यावर रुखवताची खोकी रचली होती.

१२ नोव्हेंबर, बुधवार

प्लग सुटता सुटेना. आप्पांनी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून सांगितलं, जोर लावू नकोस, पान्यावर हातोडीनं हलके ठोके दे. सुटला. त्या भोकातून डिझेल आणि टू टी, म्हणजे टू स्ट्रोक गाडीचं, ऑइल अर्धं अर्धं, मिळून ६० मिली, सिरिंजनं सोडलं. पॅथॉलॉजी लॅबमधली माझी नोकरी इथे कामाला आली. आता वाट पाहायची.

टू स्ट्रोक गाडी उभी राहिली की का जाम होते, ते आप्पांनी आज समजावलं. या इंजिनाला व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीतच भोकं असतात आणि पिस्टन वर-खाली होताना ती झाकतो, उघडतो. गाडी थांबताना पिस्टन खाली राहिला तर एक्झॉस्टचं भोक उघडंच. मग आपल्या ठाण्याची पावसाळी हवा सायलेन्सरमधून थेट सिलिंडरमध्ये. बावीस पावसाळे. बिडाच्या भिंतीला गंज धरतो आणि पिस्टनच्या रिंगा त्यात रुतून बसतात. अशा वेळी किकवर उभं राहिलं तर काहीतरी तुटणारच, गाडीतलं किंवा पायातलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

अकरा दिवस. रोज सकाळी लॅबला जायच्या आधी दहा मिली टाकत होते. मागच्या टायरमध्ये हवा राहत नाही, तरी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून चाक पुढे-मागे ढकलायचं, हा रोजचा नेम. दहा दिवस जणू भिंत ढकलत होते. आज सकाळी हाताला काहीतरी वेगळं लागलं. अर्धा इंच असेल. "आप्पा, हललं!" मी इतक्या जोरात ओरडले की पहिल्या मजल्यावरच्या काकू खिडकीत आल्या.

आप्पा म्हणाले, "आता थांब. आजच्यापुरतं पुरे." मला मुळीच थांबायचं नव्हतं. पण थांबले.

३० नोव्हेंबर, रविवार

कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, उघडला आणि मी चकित झाले. लॅबमधले सहकारी म्हणाले होते की जुन्या पेट्रोलचा डिंक होतो, जेट, म्हणजे आतली बारीक भोकं, बुजतात, फ्लोट चिकटतो. टाकीत खरंच तसं होतं. तळाला तपकिरी वार्निश आणि गंजाचा चुरा. पण कार्ब्युरेटरची वाटी जवळजवळ स्वच्छ. जेटमधून आरपार उजेड दिसत होता.

आप्पांना वाटी नेऊन दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली. "घरापासून थोडं अलीकडे पेट्रोलचा कॉक बंद करायचो मी," म्हणाले. "वाटीतलं पेट्रोल दारात येईपर्यंत पुरतं. मग गाडी आपणहून बंद पडते. आत काही उरत नाही."

"शेवटच्या दिवशीसुद्धा?"

"रोजच."

कंपनीला कुलूप लागलेला तो दिवस. त्या दिवशीही या माणसानं घर जवळ आल्यावर वाकून कॉक बंद केला. मी दिवसभर त्याच विचारात होते.

७ डिसेंबर, रविवार

मुलीनं आणि मी मिळून टाकी धुतली. आत मूठभर जुने नट-बोल्ट आणि साबणाचं पाणी घालून अर्धा अर्धा तास हलवायची. मग फॉस्फोरिक आम्ल, मग सोडा, मग गरम पाणी, आणि लगेच हेअर ड्रायरनं कोरडी. उजवा सायलेन्सर कुंभारमाशीनं मातीनं लिंपून टाकला होता. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन, ही या गाडीची ऐट. एकाच्या तोंडात मातीची घरं आणि दुसऱ्यात कार्बनचा थर, बोटभर जाड.

टाकीचा रंग गेलाय, डाव्या बाजूला पोचा आहे. नवरा म्हणाला, एवढं करतेस तर रंगही मारून घे, क्रोम करून घे. मी नाही म्हटलं. तो पोचा कळव्याच्या पुलावरचा आहे, १९८४ चा. टाकीच्या कडेचा रंग आप्पांच्या गुडघ्यानं झिजलाय. मला ही गाडी चालती करायची आहे, नवी करायची नाही. शोरूममध्ये ठेवल्यासारखी लखलखीत जुनी गाडी पाहिली की मला वाटतं, ज्या माणसानं ती वापरली त्याला कुणीतरी पुसून टाकलंय.

१४ डिसेंबर, रविवार

हेड आणि ब्लॉक उतरवला. भिंतीवर गंजाचं कडं स्पष्ट दिसतं, पिस्टन जिथे थांबला होता बरोबर त्याच्या वर. नखाला लागतं. म्हणजे बोअर मारावाच लागणार, सिलिंडर आतून कोरून थोडा मोठा करावा लागणार. कनेक्टिंग रॉड मात्र शाबूत. आप्पांनी तो दोन बोटांत धरून वर-खाली ओढून पाहिला आणि डोळे मिटले. खेळ नाही. ते म्हणाले, "खालचं सगळं ठीक आहे. नशीब."

२० डिसेंबर, शनिवार

वागळेत गेलो रिक्षानं, मांडीवर ब्लॉक घेऊन. आप्पांच्या जुन्या सहकाऱ्याचा मुलगा तिथे लेथ चालवतो. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६५ मिलिमीटर. अर्धा मिलिमीटर वाढवून ६५.५ करायचा आणि तेवढाच मोठा पिस्टन घालायचा. पिस्टन कुर्ल्याच्या बाजारात मिळाला, तिसऱ्या दुकानात.

आप्पा लेथपाशी उभे राहिले आणि तिथून हलेचनात. चिकनगुन्या झाल्यापासून त्यांच्या डाव्या हाताला पकड नाही, पण बोअरच्या आत उजव्या हाताचं बोट फिरवून ते म्हणाले, "अजून एक होनिंग दे." म्हणजे आतली भिंत अजून एकदा घासून घे. मुलानं मायक्रोमीटर लावला आणि काही न बोलता परत होनिंग दिलं.

येताना मामलेदारची मिसळ. त्यांनी तिखट मागितली. मी अडवलं नाही.

४ जानेवारी, रविवार

ऑइल सील. याबद्दल सविस्तर लिहून ठेवते, कारण ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांना हेच माहीत नव्हतं.

टू स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा आधी पिस्टनच्या खाली, क्रँककेसमध्ये येते. पिस्टन खाली येताना ती दाबतो आणि मग ती वर सिलिंडरमध्ये जाते. म्हणजे क्रँककेस हा पंपच आहे आणि तो हवाबंद हवा. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्या दांड्याला फिरवतो त्याच्या, दोन्ही टोकांना रबरी सील असतात. बावीस वर्षांत ते प्लास्टिकसारखे कडक होतात. डायनॅमोच्या बाजूचं गळलं तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण विरळ होतं, इंजिन तापून पिस्टन पुन्हा जाम. क्लचच्या बाजूचं गळलं तर गिअरचं ऑइल ओढलं जातं आणि गाडी पांढरा धूर ओकत सुटते. बाकी सगळं नवं केलं आणि सील जुने ठेवले तर सगळी मेहनत पाण्यात. अनेकांच्या जुन्या गाड्या चालू होतात आणि महिनाभरात पुन्हा बसतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं असं आप्पांचं म्हणणं.

दोन्ही बदलले. पेट्रोलची नळीसुद्धा. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला फुगवतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं.

११ जानेवारी, रविवार

पिस्टन चढवला. त्याच्यावरचा बाण एक्झॉस्टच्या बाजूला. रिंगेच्या खाचेत एक बारीक पिन असते, रिंगेची दोन्ही टोकं त्या पिनेशीच यायला हवीत. रिंग फिरली तर टोक पोर्टमध्ये, म्हणजे भिंतीतल्या भोकात, अडकतं आणि तुटतं. आप्पा टॉर्च धरून बसले होते. माझे हात थरथरत होते, त्यांचा उजेड नाही.

सहा व्होल्टची बॅटरी आणली. या गाडीला बॅटरीशिवाय ठिणगी नाही. हेडलाइटवर चावी घातली, चावी कसली, जाडसर खिळाच तो, आणि लाल दिवा लागला. मुलगी टाळ्या वाजवायला लागली.

१८ जानेवारी, रविवार

लिटरला ५० मिली ऑइल घातलं, नवा पिस्टन रुळेपर्यंत. एरवी ४०. कार्ब्युरेटरवरचं बटण दाबून धरलं, पेट्रोल ओघळलं. किक आणि गिअर यांचा दांडा एकच. तो आत दाबून वर फिरवायचा आणि मारायचा. मारली. पंधरा-वीस वेळा मारली. काही नाही. एकदा मात्र सायलेन्सरमध्ये ठप्प करून बार उडाला.

आप्पा स्टुलावरून म्हणाले, "ठिणगी आहे. उशिरा पडतेय."

नुसत्या आवाजावरून! उजव्या बाजूचं झाकण काढलं. पॉइंट म्हणजे उघडताना ठिणगी पाडणारे दोन संपर्क, त्यांच्यातला गॅप फिलर गेजनं ०.४ मिलिमीटर केला. मग टायमिंग. पॉइंटमध्ये सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीची पट्टी धरायची आणि क्रँक हळूहळू फिरवायचा. ज्या क्षणी पट्टी सैल होते, त्या क्षणी ठिणगी पडते. ती पिस्टन वर पोहोचायच्या आधी सैल व्हायला हवी. आमची जवळजवळ वर पोहोचल्यावर होत होती. प्लेट थोडी सरकवली. पुन्हा पट्टी. पुन्हा थोडी. एक तास गेला.

मग किक. लगेच नाही, चौथ्या-पाचव्या वेळी. आधी एक धाप, मग दोन, आणि मग डुग-डुग-डुग-डुग. सायलेन्सरमध्ये बावीस वर्षांचं ऑइल जळत होतं. अंगण दिसेनासं झालं, काकूंनी खिडकी लावून घेतली. लाल दिवा वेग वाढवला की विझत होता, म्हणजे डायनॅमोही जिवंत. आप्पा उठून उभे राहिले होते. काठी स्टुलालाच टेकलेली.

१ फेब्रुवारी, रविवार

आप्पांनी आज अंगणात फेरी मारली. मी नको नको म्हणत होते, क्लच दाबायला डाव्या हातात जोर कुठाय? ते म्हणाले, "हिला क्लचचा हात लागत नाही." खरंच. या गाडीचा गिअरचा दांडा पायानं दाबला की आतल्या आत क्लच सुटतो. तो हळूहळू सोडला, गाडी निघाली. एक फेरी, पाण्याच्या टाकीपासून फाटकापर्यंत. डावा हात नुसता मुठीवर ठेवलेला.

नंतर शेजारचे म्हणाले, पाडव्याच्या शोभायात्रेत काढा की गाडी. मी नाही म्हटलं. हवेवर थंड होणारं इंजिन आहे, नवा पिस्टन आहे. गर्दीत पहिल्या गिअरमध्ये दोन तास रांगली तर सगळं तापून जाईल.

२२ फेब्रुवारी, रविवार

कागद झाले. नोंदणीचं नूतनीकरण, विमा, पीयूसी. तीन हेलपाटे पडले, पण झाले. एमएच यायच्या आधीचा जुना नंबर आहे, तोच राहिला.

सकाळी सहाला निघालो. माझ्याकडे हँडल, मागे आप्पा, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. मासुंदा तलावाला फेरी, कौपीनेश्वरासमोर आप्पांनी हात जोडलेले आरशात दिसले. मग तीन पेट्रोल पंप, नितीन कंपनीच्या पुलाखालून वागळे. चाळीसच्या वर नेली नाही. त्यांच्या कंपनीच्या जागी काचेची इमारत आहे. मी वेग कमी केला. "चल, चल," म्हणाले. "थांबू नको, प्लग शॉर्ट होईल." उपवनला थांबलो, चहा घेतला. इंजिन गार होताना टिक टिक वाजत होतं, ते ऐकत बसलो दोघंही.

परतताना चरईच्या वळणावर पाठीमागून माझ्या खांद्यावर दोनदा थोपटलं.

"कॉक बंद कर."

वाकून केला. गाडी तशीच चालत राहिली, केमिस्टचं दुकान, पिठाची गिरणी, आमचं फाटक. जिन्यापाशी आल्यावर एकदा आचका दिला आणि आपणहून बंद पडली.