थरथर कुणाची?

विडी वळणाऱ्या अक्कांच्या व्हिडिओत, फ्रेमगणिक त्यांच्या हातावर क्लिक करत, मी हाताच्या हालचालीचा आलेख काढतेय. सर आज जाता जाता बोलून गेले, "फिल्टर लावून टाक, आलेख छान गुळगुळीत होईल." लावला. झालाही गुळगुळीत. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय.

अक्का विडीला दोरा गुंडाळतात तिथे मनगटाच्या रेषेला करवतीसारखे बारीक दाते होते, ते गायब. फिल्टर ६ हर्ट्झच्या वरचं, म्हणजे सेकंदाला सहापेक्षा जास्त वेळा होणारं हलणं, सगळं छाटतो आणि माणसाच्या हाताची स्वाभाविक थरथर साधारण ८ ते १२ हर्ट्झची. जाणारच. सरांचं म्हणणं, ते दाते माझेच. क्लिक करताना माउस पिक्सेलभर इकडेतिकडे होतोच. होतो, मान्य. पण सगळे दाते माझेच?

सेकंदाला ६० फ्रेम्स, मिनिटाला ३६००. मनगट, अंगठ्याचं मूळ, तर्जनीचं टोक असे तीन बिंदू, म्हणजे १०,८०० क्लिक. शिफ्ट दाबा, टिकलीवर क्लिक करा, पुढची फ्रेम. मार्कर म्हणून लाल टिकल्याच लावल्यात. घामाने एखादी निम्मी सुटून लोंबते, मग तिचा मध्य कुठला धरायचा? अंगठा तेंदूच्या पानाआड गेला की अंदाजपंचे. बाहेर सोलापूरचा उन्हाळा, आत कूलर गरम वारा फेकतोय, आणि एम.एस्सी. झालेली पोरगी अंगठ्याच्या मागे धावतेय. आई शेजारी सांगते, "कम्प्युटरवर काम करते." आईच्या मनगटाचं तर... जाऊ दे.

कुंभारीत शूटिंगच्या वेळी अक्का म्हणाल्या होत्या, "हात अजून चालतोय बघ की." त्या चालणाऱ्या हातातलं नेमकं काय मी आज पुसलं?

शेवटी तीच क्लिप जुने बिंदू लपवून पुन्हा ट्रॅक केली. माझा हात हलला तर तो कसाही हलेल, दोन्ही वेळा त्याच फ्रेमला तसाच नाही हलणार. दोन्ही रेषा एकावर एक ठेवल्या. पान कापताना दाते जुळत नाहीत, ते माझे. दोरा ओढताना जुळतात.

म्हणजे थरथर दोघींची. वाटणी तेवढी झाली. हसूच आलं.

उद्या दोन्ही आलेख सरांपुढे ठेवणार. ते चष्मा वर सरकवून विचारतील, "सॅम्पल किती? एकच ना?" एकच. मग आणखी बायकांच्या क्लिप्स लागतील, प्रत्येक क्लिप दोनदा ट्रॅक करावी लागेल, आणि ते कोण करणार हे काही सर बोलून दाखवणार नाहीत. टिकल्यांचं मोठं पाकीट आणायला हवं.