हे कशावरून?

नागपूर, रविवार

शिक्षणावरच्या सभांमध्ये आजकाल दोन मागण्या एका दमात केल्या जातात: वर्गावर्गात स्मार्ट बोर्ड हवा आणि मुलांमध्ये चिकित्सक वृत्ती हवी. पहिली गोष्ट आली की दुसरी आपोआप येईल, ही समजूत मला कधीच पटलेली नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चिकित्सक विचारावर भर आहे आणि तो योग्यच आहे. पण त्यासाठी लागणारा वेळ वेळापत्रकात कुठून काढायचा, हे वर्गावरच्या शिक्षकाला कोणी सांगत नाही.

निवृत्तीनंतरही मी अधूनमधून आठवीच्या वर्गावर जाते. या आठवड्यात मुलांना विचारले, "झिरो माइल हा भारताचा मध्यबिंदू आहे, हे कशावरून?" नागपूरच्या मुलांना हा प्रश्नच नवा होता, कारण शहरातल्या या दगडी खांबाबद्दल कळू लागल्यापासून ती हे वाक्य ऐकत आली आहेत. दुसऱ्या दिवशी एका मुलीने फोनवरच्या एआयचे उत्तर लिहून आणले. भाषा शुद्ध, सूर ठाम आणि सांगणे गावभर सांगतात तेच. हे अपेक्षितच होते. अशी साधने आधी लिहिल्या गेलेल्या अफाट मजकुराच्या आधारे वाक्ये जुळवतात, त्यामुळे जी समजूत जास्त पसरलेली असते, तीच ठामपणे परत येण्याचा संभव अधिक.

मग आम्ही त्या जागेचीच चौकशी केली. तिथे महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाची (ब्रिटिश काळातल्या देशभरच्या जमीनमोजणीची) १९०७ ची खूण आहे, म्हणजे उंची मोजण्यासाठीचा प्रमाणबिंदू. समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट अशी नोंद आहे आणि हैदराबाद ३१८, जबलपूर १७० अशी मैलांतली अंतरे कोरलेली आहेत. यातून देशाचा मध्य कसा सिद्ध होतो, असे विचारल्यावर वर्ग बराच वेळ गप्प होता. पुढे मुलांनी पुठ्ठ्यावर भारताचा नकाशा कापला, वेगवेगळ्या टोकांना भोक पाडून तो खिळ्याला टांगला आणि ओळंब्याच्या रेषा आखल्या. अशा रेषा जिथे छेदतात, तिथे नकाशाचा तोल साधतो, म्हणून तो मध्य धरला. रेषा एकमेकींना छेदल्या त्या नागपूरच्या उत्तरेला, मध्य प्रदेशात. प्रत्येक गटाचा बिंदू थोडा निराळा आला आणि खरी चर्चा तिथून सुरू झाली. अंदमान कापून टाकले ते चालते का? १९०७ चा हिंदुस्थान घ्यायचा असेल तर ब्रह्मदेशही धरावा लागेल, मग मध्य कुठे सरकेल? मुळात "मध्य" ठरवण्याची रीत एकच आहे का? हे सारे प्रश्न मुलांचे होते, माझे नव्हते.

याला लागले काय, तर पुठ्ठा, दोरा, एक दगड आणि दोन तासिका. त्या दोन तासिकांमुळे अभ्यासक्रम मागे पडला, अशी तक्रार लगेच आली. दोष फोनचा आहे असे मी म्हणणार नाही. फोन नव्हता तेव्हा गाइड होते, आणि तयार उत्तर उतरवून घेणाऱ्याला पूर्ण गुण देणारी परीक्षा तेव्हाही हीच होती. उत्तर कुठून आले हे विचारायचेच नाही, असे ज्या परीक्षेने ठरवले आहे, तिच्या हाती कितीही महागडे यंत्र दिले तरी ते उतरवून घेण्याचा वेगच वाढवील.

आपल्या शेजारच्याच मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद (आताच्या नर्मदापुरम) जिल्ह्यात १९७२ पासून विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सरकारी शाळांत चालला. मुले गटागटाने प्रयोग करीत, निष्कर्ष स्वतः काढीत. आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की परीक्षाही त्यांनी बदलली होती, तिथे पुस्तक उघडून लिहिण्याची मुभा होती. २००२ मध्ये राज्य शासनाने तो बंद केला. तीस वर्षांच्या त्या कामाची आठवण आमच्या प्रशिक्षण वर्गांतून क्वचितच निघते, याचे मला मनापासून दुःख होते.

आज मुख्याध्यापकांना पत्र लिहिले आहे. पुढच्या घटक चाचणीत पाच गुणांचा एक प्रश्न असा असावा की ज्यात उत्तर छापूनच दिलेले असेल आणि ते खरे की खोटे हे कसे तपासाल, एवढेच मुलांनी लिहायचे.